जुन्या गाडीचं ट्यूनअप घरी करताय? या चुका टाळा, नाहीतर हेड घेऊन उद्यमबागेत यावं लागतंय

पाऊस उघडला की आमच्या बेळगावात दरवर्षी एकच प्रकार सुरू होतो. कुणीतरी कोल्हापूर नाहीतर गोवा पासिंगची जुनी अल्टो, वॅगन आर, इंडिका स्वस्तात उचलून आणलेली असते, मीटर लाखाच्या कधीच पुढं गेलेला (तोही खरा असला तर), चोर्ला घाटाच्या चढाला गाडी दम टाकते, मग मोबाईलवर दोन व्हिडिओ बघायचे आणि रविवारी अंगणात बोनेट उघडायचं. करा की, नको कोण म्हणतंय. स्पार्क प्लग, फिल्टर, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप), बॅटरीचे टर्मिनल ही कामं घरी होण्यासारखीच आहेत. पण मी उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, आमच्याकडं गाडी येत नाही, नुसतं हेड येतं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग आणि वाल्व बसतात, पोत्यात गुंडाळून, आणि त्याच्या मागनं तोंड पाडलेला मालक. त्यामुळं कुठली चूक किती महागात जाते ते मला रोज दिसतंय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे गरम इंजिनवर प्लग काढणं. हेड अल्युमिनियमचं, प्लग लोखंडी, आधीच्या मालकानं कित्येक वर्षं हात न लावलेला, आट्यात कार्बन भरलेला. तसल्यात गरम असताना जोर लावला की प्लग एकटा येत नाही, हेडचे आटे घेऊन येतो.

आमच्या पाहुण्यातला एक पोरगा आहे खानापूरकडचा. जुनी अल्टो घेतली, आयडलला, म्हणजे उभ्या जागी चालू ठेवली की, थरथरायची. बेळगावपर्यंत चालवत आला आणि आल्या आल्या मित्राच्या दारात प्लग काढायला बसला, बोनेटवर हात ठेवता येत नव्हता एवढं गरम. पहिले दोन करकर करत आले. तिसरा हलेना, तर ह्यानं रॅचेटला पाण्याची लोखंडी पाईप घातली. आला शेवटी. पण प्लगाच्या आट्यांत अल्युमिनियमची बारीक चकचकीत तार गुंडाळलेली, म्हणजे हेडचे आटेच ते. इथं थांबायला पाहिजे होतं की नाही? नाही. नवीन प्लग सरळ पान्यात घालून पान्यानंच फिरवायला सुरुवात, तिरका बसला, घट्ट लागतोय म्हणजे बसला असं समजून अजून आवळला. गाडी चालू झाली, झकास वाटली म्हणे. देसूरच्या पुढं गेल्यावर फट् करून आवाज, प्लग केबलसकट उडून बोनेटला आतनं बडवला, आणि गाडी ट्रॅक्टरसारखी फडफडत रस्त्याकडेला. टो करून परत.

मग हेड उतरवलं, कारण आट्यांचा चुरा सिलिंडरमध्ये पडलेला. भोक मोठं करून टॅप मारून 14 मिमी, 1.25 पिचचा इन्सर्ट, म्हणजे तयार आट्यांची बाही, बसवला, हेडचा तळ मशीनवर सपाट केला, हेडखालचं गास्केट नवीन, आणि उघडलंच आहे तर टायमिंग बेल्टपण. तीन प्लगांच्या किमतीत होणारं काम होतं हो ते. वर मलाच विचारतोय, "काका, प्लग डुप्लिकेट होते काय की?" प्लग चांगले होते बाबा. घाई डुप्लिकेट नसते, ती ओरिजिनलच असते तुम्हा लोकांची.

माझी सवय सांगतो. आदल्या रात्री प्लगाच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं. सकाळी थंड इंजिनवर आधी हवा मारायची, कारण आपल्याकडची तांबडी माती त्या खड्ड्यात बसलेली असते आणि प्लग काढला की ती सरळ आत जाते. मग पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा, असं करत करत काढायचा. नवीन प्लग बसवताना पाना लांब ठेवायचा. पेट्रोलच्या रबरी पाईपचा वीतभर तुकडा प्लगाच्या वरच्या टोकाला घालायचा आणि त्यानं फिरवायचं. तिरका जात असला तर पाईप नुसती फिरते, जोर लागतच नाही, आटे वाचतात. हातानं पूर्ण बसला की मग पाना, वॉशरवाला नवीन प्लग असला तर अजून अर्धा फेरा, बस. कोनासारखी सीट असलेला, वॉशर नसलेला प्लग असेल तर त्याला फेऱ्याचा सोळावा भागच पुरे. ग्रीस वगैरे फासायचं नाही, आजकालच्या प्लगांना आधीच प्लेटिंग असतं, ग्रीस लावलं की हाताला कमी वाटतं आणि जास्त आवळला जातो.

प्लगच्या टोकातली फट, म्हणजे गॅप, बघून घ्या, दुकानदार "सेटच आहे" म्हणतो त्याच्यावर जाऊ नका. कार्बोरेटरवाल्या मारुती 800 ला 0.7 ते 0.8 मिमी, एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांना बहुतेक 1 मिमीच्या आसपास, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे.

आणि जुने प्लग फेकू नका, रद्दी पेपरवर 1, 2, 3 लिहून त्याच नंबरावर ठेवा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर बघा. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठनं तरी हवा चोरते. एकच प्लग तेलानं ओला असेल तर तिथं पिस्टनच्या रिंगा नाहीतर वाल्व सील गेलेत, नवीन प्लग घालून महिनाभर बरं वाटंल, परत तेच. अशावेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, बघून घ्या, गेज महाग नाही. पेट्रोल आणि करंट बंद करायचा, सगळे प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. सिलिंडरा-सिलिंडरात 1 किलोपेक्षा जास्त फरक आला तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून परत मोजा, वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर वाल्व किंवा गास्केट. हे न बघता लोक हजारो रुपयाचं सामान बदलत बसतात, कारण सामान बदलायला मजा येते, मोजायला कंटाळा येतो.

दुसरी चूक, सगळं एका दिवशी. शहापुरातले एक मास्तर आहेत, माणूस एकदम व्यवस्थित, पेनचं टोपणसुद्धा जागच्या जागी. त्यांनी एका रविवारी प्लग, केबल, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ, सगळंच उरकलं. संध्याकाळी चावी मारली तर इंजिन हूंऽऽ करून वर जातंय, खाली येतंय, बंद पडायला आलं की परत वर. आता शोधणार कुठं? पाच गोष्टींना हात लावलेला, पाचही संशयित. मग एका गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलला, दुसरा म्हणाला इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेलाय. शेवटी कुणीतरी सांगितलं वाल्व बसत नसतील म्हणून मास्तर माझ्याकडं हेडचं काम किती होईल विचारायला आले.

मी म्हटलं सर, हेड राहू दे, आधी गाडी आणा. चालू ठेवली, रबरी पाईपचं एक टोक कानाला आणि दुसरं इनटेकच्या बाजूनं फिरवत नेलं. एअर फिल्टरच्या डब्याखाली स्सस्स असा आवाज. करंगळीएवढी व्हॅक्यूम पाईप, डबा उचलताना निसटलेली, परत लावायची राहिलेली. टोक तडकलेलं होतं, तेवढं कापून परत बसवली, इंजिन जागेवर शांत. मास्तर बराच वेळ त्या पाईपकडंच बघत होते, इसीएमवाल्याचं नाव काढलं नाही त्यांनी.

म्हणून एक काम करा, गाडी चालू करा, एक चक्कर मारून या, मगच दुसरं काम. रविवारी संपलं नाही तर पुढच्या रविवारी, गाडी कुठं पळून जात नाही. काहीही सुटं करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, फोन काय नुसता रील बघायला घेतलाय काय. प्लगच्या केबल तर एका वेळी एकच काढायची, लावायची, मग पुढची. जुन्या 800 चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-2 आहे, तिन्ही एकदम काढून अंदाजानं लावल्या तर चालू होणार नाही आणि कार्बोरेटरमधनं भडका मारेल.

गोव्याची गाडी असेल तर ट्यूनअपच्या आधी अर्थिंग बघा. खाऱ्या हवेनं अर्थच्या पट्ट्या आतनं हिरव्या होऊन गेलेल्या असतात, वरनं काही दिसत नाही, आणि मग सेल्फ जड, हेडलाईट मंद, आयडल वेडंवाकडं, सगळी भुताटकी. मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या धातूला, सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी खराब आहे. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी, हे तरी सांगायला लागू नये.

टापेटच्या, म्हणजे वाल्वच्या टकटक आवाजाचं वेड पण काढून टाका. जुन्या मारुतीत स्क्रूनं वाल्वचा गॅप सेट होतो, तर टकटक ऐकवत नाही म्हणून लोक आवाज जाईपर्यंत आवळतात. थोडा आवाज असलेला वाल्व वर्षानुवर्षं चालतो. आवळलेला एक्झॉस्ट वाल्व नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटमधनं हेडला जायची ती जात नाही, आणि कड जळून तुकडा पडतो. असे जळलेले वाल्व माझ्या बाकाखाली डबाभर पडलेत, बघायला या कधीही.

इंजिन प्रेशरनं धुवून आणायचं आणि मग मिसिंग मारतंय म्हणून प्लग बदलायचे, हा एक आवडता कार्यक्रम. प्लगच्या खड्ड्यात पाणी बसलंय, हवा मारा, वाळू द्या.

एअर फिल्टरला हवा आतनं बाहेर मारायची, बाहेरनं मारली की धूळ कागदात अजून रुतते. खानापूर, चंदगड बाजूच्या कच्च्या रस्त्यावर रोज जात असाल तर फुंकत बसू नका, बदला.

फ्लश नावाची, इंजिन आतनं धुवायची बाटली लाखभर किलोमीटर झालेल्या, आत चिखल जमलेल्या इंजिनात ओतू नका. तो चिखल एकदम सुटून ऑईल पंपच्या जाळीला बसला की प्रेशर जातं. चांगलं तेल लवकर लवकर बदला, हळूहळू आपोआप साफ होतं. आणि जाड तेलानं इंजिन "टाईट" होतं म्हणून पातळ तेलाच्या मारुतीच्या के-सिरीज इंजिनात 20डब्ल्यू-40 घालणाऱ्यांना काय बोलायचं, मॅन्युअल वाचा की अण्णा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. हिरवं आणि लाल कूलंट एकत्र करू नका.

2010 च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांशी तो इंजिनाचा बिघाड मोबाईलवर दाखवणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर बोलतच नाही, उगीच घेऊ नका. ज्यात चालतो त्यात बिघाडाचा कोड आधी लिहून ठेवा, मग पुसा, नुसता दिवा घालवून गाडी नीट होत नाही.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर बदललेला नाही असंच धरा. जुन्या अल्टोला आणि जुन्या 1061 सीसी वॅगन आरला बेल्ट आहे, के10 इंजिनाला चेन आहे. डिझेल इंडिकाचा बेल्ट तुटला तर पिस्टन वाल्वला भिडतो, मग ट्यूनअपवर घातलेले पैसे विसरा. प्लगच्या आधी हे काम, आणि हे घरी करू नका.

ऑईल फिल्टर बदलताना जुन्याचं रबर इंजिनला चिकटून राहिलंय का ते बोटानं चाचपून बघा, दोन रबरं एकावर एक बसली की सगळं तेल रस्त्यावर. ड्रेन बोल्टला नवीन वॉशर घाला आणि त्याच्यावर उभं राहून आवळू नका, तेही आटे शेवटी माझ्याकडंच येतात. आणि नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली सरकायचं नाही, विटा नाहीतर दगड लावूनपण नाही, वीट दाबाखाली सांगून फुटत नाही. टनाचा आकडा मारलेले स्टँड घ्या. ते घ्यायचे नसतील तर तेल, फिल्टर, वॉशर आपलं घेऊन रॅम्प असलेल्या गॅरेजला जा आणि समोर उभं राहून करून घ्या, मजुरी फार होत नाही.