परदेशात घर घेताना या चुका टाळा

परदेशातल्या मालमत्तेचे कागद तपासून घ्यायला येणारी बहुतेक मंडळी विसार देऊन झाल्यावरच येतात. समुद्र किती अंतरावर आहे, भाडे किती सुटेल, शेजारच्या इमारतीत काय भाव चालला आहे, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. आपल्या नावावर नेमका कोणता हक्क चढणार आहे, हे विचारले की मात्र दलालाचे नाव पुढे केले जाते. त्यामुळे त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा पाहाव्या लागतात.

एका देशाचा नियम दुसऱ्या देशाला लावणे

ब्रिटनमध्ये परदेशी माणसाला घर घेण्यास सरसकट मनाई नाही, म्हणून इतरत्रही नसेल असे गृहीत धरणारे अनेक आहेत. कॅनडाने 1 जानेवारी 2023 पासून बहुतेक परदेशी खरेदीदारांना निवासी घरे घेण्यास बंदी केली आणि पुढे तिची मुदत 1 जानेवारी 2027 पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने 1 एप्रिल 2025 पासून दोन वर्षांसाठी परदेशी व्यक्तींना आधीच बांधलेली, वापरातली घरे घेण्यास काही अपवाद वगळता मज्जाव केला. सिंगापूरमध्ये एप्रिल 2023 पासून परदेशी व्यक्तीला निवासी मालमत्तेवर 60 टक्के अतिरिक्त मुद्रांक शुल्क भरावे लागते. मित्राने तीन वर्षांपूर्वी घर घेतले, हा पुरावा या बाबतीत काहीच कामाचा नाही.

दुसऱ्याच्या नावावर जमीन घेणे

ही चूक करणाऱ्यांची समजूत घालणे सर्वांत कठीण, कारण आपण काही शक्कल लढवली आहे असे त्यांना वाटत असते. थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला सामान्यतः जमिनीची मालकी मिळत नाही. मग ओळखीच्या स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घ्यायची, किंवा एक कंपनी काढून तिचे 51 टक्के भाग अशा लोकांच्या नावावर दाखवायचे ज्यांनी खिशातला एक पैसाही घातलेला नाही, असा मार्ग सुचवला जातो. तिथल्या जमीन संहितेत परदेशी माणसासाठी जमीन धारण करणाऱ्या नामधारी व्यक्तीला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि अशी जमीन ठरावीक मुदतीत विकून टाकण्याचा आदेश निघू शकतो. शिवाय तो नामधारी माणूस उलटला किंवा वारला, तर न्यायालयात दाद मागताना मूळ बेकायदा व्यवहार आपणच कबूल करायचा असतो.

यावर हमखास येणारा युक्तिवाद असा की मेक्सिकोत तर बँकेच्या नावावर जमीन ठेवतातच. ठेवतात, परंतु किनाऱ्यापासून 50 आणि सीमेपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी व्यक्तीला थेट मालकी मिळत नसल्यामुळे तिथल्या कायद्यानेच बँक-विश्वस्ताची सोय करून दिली आहे. हा न्यास (ट्रस्ट) 50 वर्षांचा असतो, त्याचे नूतनीकरण होते आणि लाभार्थी, म्हणजे परदेशी खरेदीदार, घर विकू शकतो किंवा वारसाला देऊ शकतो. कायद्याने उघडलेले दार आणि दलालाने दाखवलेली खिडकी यांत फरक आहे.

थायलंडमध्ये राहायचेच असेल तर कॉन्डोमिनियममधली सदनिका स्वतःच्या नावावर घेता येते. इमारतीतल्या सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी 49 टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते. ही मर्यादा अजून भरलेली नाही, असे त्या इमारतीच्या व्यवस्थापनाचे ताजे पत्र हातात पडेपर्यंत मी कोणालाही विसार देऊ देत नाही. जमिनीचा भाडेपट्टा 30 वर्षांपर्यंतचा असतो आणि तीन वर्षांहून अधिक मुदतीचा असल्यास तो नोंदवावा लागतो. जाहिरातीतले ‘30 अधिक 30 अधिक 30’ वाचून 90 वर्षांची किंमत मोजणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच, की 30 वर्षांचीच किंमत मोजा.

पैसे चुकीच्या वाटेने पाठवणे

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची निवड निर्दोष होती. सदनिका मर्यादेत बसणारी, विक्रेता खरा, करारही नीट. किंमत थायलंडच्या चलनात, बाहतमध्येच द्यायची आहे, तर इथूनच बदलून पाठवा, असे दलालाने सांगितले आणि त्यांनी आपल्याच बँकेत चलन बदलून सगळी रक्कम बाहतमध्ये रवाना केली. तिकडच्या बँकेला पैसे मिळाले, पण परकीय चलन देशात आलेच नाही. नोंदणीच्या वेळी जमीन कार्यालयात परकीय चलन आल्याचा बँकेचा दाखला लागतो, आणि जे चलन आलेच नाही त्याचा दाखला बँक देणार कशी? करारातली अंतिम तारीख जवळ येत होती आणि विसार जप्त होण्याची वेळ आली होती. शेवटी विक्रेत्याकडून लेखी मुदतवाढ घेऊन रक्कम परत मागवली आणि परकीय चलनातच पुन्हा पाठवली. दोन्ही वेळच्या विनिमयाचा तोटा त्यांच्याच माथी बसला.

तेव्हापासून मी पैसे हलण्याआधी पाठवणीचा अर्ज स्वतः वाचतो. पाठवणाऱ्याचे नाव पारपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे, चलन परकीय हवे आणि हेतूच्या रकान्यात सदनिका खरेदीचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘वैयक्तिक’ लिहून मोकळे होणाऱ्यांच्या घाईचा मला आता रागही येत नाही.

थोडक्यात उरलेल्या चुका

घर घेतले की निवासाचा परवाना मिळतो, असे समजू नका. पोर्तुगालने 2023 मध्ये मालमत्ता खरेदीवर मिळणारा गोल्डन व्हिसा बंद केला आणि स्पेनने 3 एप्रिल 2025 रोजी.

विक्रेत्याने सुचवलेला वकील घेऊ नका, मग त्याची फी कितीही कमी असो.

विकतानाचा कर खरेदीच्या दिवशीच विचारून घ्या. अमेरिकेत परदेशी मालकाने घर विकले की खरेदीदाराला साधारणपणे विक्रीच्या रकमेतून 15 टक्के कापून कर खात्याकडे भरावे लागतात.

मुखत्यारपत्र देणे टळत नसेल तर त्यात एकाच मालमत्तेचा नोंदणी क्रमांक आणि संपण्याची तारीख लिहा, आणि विक्रीची रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्यातून वगळा. छापील नमुन्यात तो अधिकार बहुतेक वेळा आधीच घातलेला असतो.