पीएच मीटर, बोअरचं पाणी आणि ओलेइकचे फुगे

दहावी मराठीत, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी आणि लॅबमधले अटेंडर कन्नडमधून ओरडणार. खानापूर तालुक्यातून रोज लाल बसने बेळगावला येणाऱ्यांना यात नवं काही नाही. म्हणून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला 'फॅटी ॲसिड व्हेसिकल' (मेदाम्लांचे सूक्ष्म फुगे) हे नाव ऐकून मी घाबरले नाही. घाबरायला हवं होतं ते पीएच मीटरला, म्हणजे द्रावण किती आम्ल, किती अल्कली ते मोजणाऱ्या यंत्राला.

ओलेइक आम्ल म्हणजे आपल्या शेंगतेलातलं मुख्य मेदाम्ल. पाण्याचा पीएच ८ ते ९च्या आसपास असला की त्याचे साधारण निम्मे रेणू आम्लरूपात राहतात, निम्मे साबणरूपात. दोघं हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरतात आणि दुपदरी भिंतीचे सूक्ष्म फुगे तयार होतात. गेबिकी आणि हिक्स यांनी १९७३ साली ते दाखवले. पीएच चढला की सगळ्याचा साबण होतो आणि द्रावण नितळ दिसतं. उतरला की तेल सुटतं. फुगे टिकतात तो पीएचचा पट्टा रुंद करायला त्यात काय मिसळायचं, एवढाच माझा प्रश्न होता.

सुरुवातीला मी हाताला लागेल ते घालून बघत होते. नंतर कळलं, आम्लरूप-साबणरूप या जोडीतलं कोण कमी पडतंय ते आधी बघायचं. वरच्या पीएचला आम्लरूप संपतं, तेव्हा त्याची जागा अल्कोहोलचा ओएच गट घेतो. म्हणून डेकॅनोइक आम्लात (हेही एक मेदाम्ल) डेकॅनॉल हे अल्कोहोल मिसळलं की फुगे जास्त अल्कलीतही तगतात. खालच्या पीएचला उलटं, तिथे साबणरूपाचा ऋणभार संपतो. सल्फोनेट गट आम्लातही भार सोडत नाही, त्यामुळे सोडियम डोडेसाइलबेन्झीनसल्फोनेट घालून डेकॅनोइकचे फुगे पीएच ४.३ पर्यंत खाली नेता आलेले आहेत. हे उमगायला मला दोन महिने लागले. तुम्ही पहिल्याच आठवड्यात वहीत लिहून ठेवा.

आता माझा गाढवपणा. पीएच ८.५ ला मी फॉस्फेट बफर (बफर म्हणजे पीएच सरकू न देणारं द्रावण) वापरला. त्याचा जोर ७.२ च्या आसपास, तिथे तो नावालाच. मिसळलेल्या पदार्थाने पीएचच सरकवला आणि मी खुशाल 'स्थैर्य घटले' असं लिहून मोकळी झाले. तिथे बायसिन हा बफर घ्या. काहीही घातल्यावर पीएच पुन्हा मोजा आणि काहीच न घातलेली एक नळी कायम शेजारी ठेवा.

गढूळ दिसलं म्हणजे फुगे झाले, असंही नाही. तेलाचे थेंबही गढूळच दिसतात. मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय सरांकडे धावू नका. मी धावले होते.

एकदा डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून नळाचं, म्हणजे बोअरचंच, वापरलं. नळीत दह्यासारख्या गुठळ्या! घरी आई म्हणते, 'या पाण्याला फेसच येत नाही बघ.' कारण तेच, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबण खाली बसवतात. क्षारांचा परिणाम अभ्यासायचा असेल तर क्षार मोजून घाला, नळातून नको.

इलेक्ट्रोडवर तेलाचा थर बसतो आणि आकडा हळूहळू सरकत राहतो. दर वेळी इथेनॉलने धुवा, मग पाण्याने. आणि डिसेंबरातल्या सकाळी बाटलीतलं ओलेइक थिजलेलं दिसलं (ते १३-१४ अंशांना गोठतं) तर वरचं पातळ तेवढं ओढून घेऊ नका. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सगळं वितळू द्या, नीट हलवा, मगच पिपेट बुडवा.