हातात पकड, खिशात वही

अमेरिकेत बांधकामाच्या युनियनमधून पहिल्यांदा साइटवर गेलात की फोरमन कोण हे लगेच कळतं. स्टुअर्ड, म्हणजे साइटवरचा युनियनचा प्रतिनिधी, कोण हे मात्र बरेचजण अडचणीत सापडल्यावरच विचारतात. मी इलेक्ट्रिशियन. आयबीईडब्ल्यू या इलेक्ट्रिशियनांच्या युनियनच्या एका लोकलमधून (स्थानिक शाखेतून) काम करतो आणि काही साइटवर स्टुअर्डही होतो. नुकते अप्रेंटिस झालेल्या किंवा ‘स्टुअर्ड होतोस का?’ अशी विचारणा झालेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय.

कारखान्यात स्टुअर्ड बहुधा निवडून येतो. बांधकामात त्याला साधारणपणे लोकलचा प्रमुख, म्हणजे बिझनेस मॅनेजर, नेमतो. हायरिंग हॉलमधून, म्हणजे युनियनच्या काम वाटणाऱ्या कचेरीतून, माणसं येतात, पाइप बसवतात, वायर ओढतात, काम संपलं की पांगतात. निवडणूक घ्यायला सवड कुणाला? पगार काँट्रॅक्टरच देतो, काम इतरांसारखंच दिवसभर करायचं आणि ते करता करता करार पाळला जातोय ना, यावर नजर ठेवायची. बऱ्याच करारांत ले-ऑफच्या (माणसं कमी करण्याच्या) वेळी स्टुअर्डला शेवटपर्यंत ठेवायची तरतूद असते. त्यावरून टोमणे बसतात, ते ऐकून घ्यायचे. मात्र हातातलं काम चोख हवं. कामचुकार स्टुअर्डला फोरमन मोजत नाही आणि पोरंही मोजत नाहीत.

नवीन माणूस साइटवर आला की स्टुअर्ड त्याची हॉलने दिलेली डिस्पॅच स्लिप बघतो, ड्यूज (युनियनची वर्गणी) भरलेत का विचारतो. ही चौकशी अंगावर घेऊ नका. हॉलला वळसा घालून कुणी आत शिरत नाहीये ना, एवढंच तो पाहतो. जर्नीमनच्या, म्हणजे शिकून तयार झालेल्या कारागिरांच्या, मानाने अप्रेंटिस किती, हेही तो मोजतो, कारण स्वस्तातल्या हातांवर काम उरकायचा मोह काँट्रॅक्टरला कायमच असतो. आणि हो, तो संडासही मोजतो. हसू नका. ओशाच्या, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याच्या, नियमानुसार वीसपर्यंत माणसांना एक संडास चालतो. त्यापुढे दोनशेपर्यंत दर ४० जणांमागे एक संडास आणि एक मुतारी लागते. साइट वाढते, माणसं दुप्पट होतात, पण निळ्या डबड्यांची संख्या तीच राहते. हे फोरमनच्या ध्यानात आणून देणं हा माझ्या अनुभवात सर्वांत लवकर सुटणारा प्रश्न आहे. खणलेल्या चराचंही तसंच. पाच फूट किंवा त्याहून खोल चर असेल, तर अखंड खडक सोडून सगळीकडे आधार, ट्रेंच बॉक्स (चराच्या भिंती रोखणारी पेटी) किंवा उतार हवा. ‘दोन मिनिटांचं काम आहे, उतर’ असं कुणी म्हणालं की समजा, स्टुअर्डला हाक मारायची वेळ झाली.

आता वहीबद्दल. मला विचाराल तर स्टुअर्डची सगळी ताकद या वहीत असते, घशात नसते. एका साइटवर आम्ही शनिवारी इलेक्ट्रिकल रूममध्ये पॅनेल जोडत होतो. पुढच्या पगाराच्या चिठ्ठीवर सरळ ४० तास, शनिवारचा पत्ताच नाही. ऑफिसचं म्हणणं, त्या दिवशी कुणी साइटवर नव्हतंच. वहीत लिहिलेलं होतं: तारीख, पाच जणांची नावं, कितीला सुरू, कितीला बंद, कोणती रूम, चावी कोणत्या फोरमनने दिली. ते पान बिझनेस एजंटकडे, म्हणजे काँट्रॅक्टरशी बोलणाऱ्या लोकलच्या पदाधिकाऱ्याकडे, गेलं आणि ओव्हरटाइमसकट पैसे आले. आवाज चढवायची वेळच आली नाही.

तासांवरून एवढी खटपट का? कारण प्रश्न नुसत्या पगाराचा नसतो. काँट्रॅक्टर किती तास कळवतो, त्यावर पेन्शन फंडात काय जमा होणार ते ठरतं. आरोग्यविम्याची पात्रताही बहुतेक ठिकाणी तासांवरच असते. महिन्याकाठी थोडे थोडे तास गळत गेले, तर बायकोच्या दवाखान्याच्या वेळी विमाच चालू नसल्याचं कळतं. म्हणून स्टुअर्ड असो वा नसो, आपले तास आपण रोज लिहायचे. सरकारी पैशाच्या कामावर १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागू असेल, तर काँट्रॅक्टरला दर आठवड्याला पगारपत्रक प्रमाणित करून द्यावं लागतं. तुमची नोंद तिथे फार उपयोगी पडते.

नव्या पोरांची सगळ्यात जास्त फसगत होते ती ट्रेलरमध्ये, म्हणजे साइटवरच्या ऑफिसात. सुपरिंटेंडेंट म्हणतो, ‘जरा आत ये, बोलायचंय.’ आत दोघं बसलेले, समोर कोरा कागद. या चौकशीतून आपल्यावर कारवाई होईल असं वाटायला जागा असेल, तर युनियनचा प्रतिनिधी सोबत मागायचा हक्क तुम्हाला आहे. १९७५ च्या वाइनगार्टन खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला. पण तो तुम्हीच मागायला हवा. आपणहून कुणी आठवण करून देत नाही. एवढंच म्हणा: ‘यातून माझ्यावर कारवाई होणार असेल, तर मला स्टुअर्ड हवा.’ स्टुअर्ड आल्यावर विषय काय ते विचारतो, तुमच्याशी आधी बाजूला बोलून घेतो, गोंधळात टाकणारे प्रश्न अडवतो. उत्तरं मात्र तुम्हीच द्यायची, तीही खरी.

ले-ऑफ ही वेगळी गोष्ट. काम आटलं म्हणून चिठ्ठी हातात पडली, तर बहुतेक करारांत स्टुअर्ड ती थांबवू शकत नाही. शेवटचा चेक करारात लिहिलेल्या वेळेत मिळाला का, हे तो पाहतो. यावर चिडून उपयोग नाही. हॉलमध्ये जाऊन काम हवं असलेल्यांच्या यादीवर सही करा.

स्टुअर्डने काय करू नये, हे जास्त महत्त्वाचं. ‘हत्यारं खाली ठेवा’ असं परस्पर सांगायचं नाही. करारात संपबंदीचं कलम असतं, त्यात तुमची नोकरी जाते आणि लोकलवर दावा येतो. जिवावरचा धोका समोर दिसत असताना काम नाकारणं वेगळं. त्यालाही अटी आहेत, आणि आधी दुरुस्ती मागावी लागते. त्यावरून सूड उगवला गेला, तर ओशाकडे तक्रारीला फक्त ३० दिवस मिळतात. भिंतीतलं भोक आपण पाडायचं की प्लंबरने, यावर दुसऱ्या ट्रेडशी हातघाईवर यायचं नाही. बिझनेस एजंटला फोन करायचा. आणि मीटिंगला न फिरकणाऱ्या, मागून नावं ठेवणाऱ्या माणसाचीही तक्रार तितक्याच नीटपणे घ्यायची. ज्या राज्यांत ड्यूज भरणं ऐच्छिक आहे, तिथे न भरणाऱ्याचीही. युनियनवर ते कायद्याने बंधनकारक आहे.

स्टुअर्ड व्हायला हो म्हणालात, तर आधी करारातली चार कलमं वाचा: ओव्हरटाइम, पाऊस पडून काम बंद झाल्यास मिळणारा हजेरीचा पगार, ले-ऑफ आणि ग्रीव्हन्सची (लेखी तक्रारीची) मुदत. ही मुदत प्रत्येक करारात वेगळी असते, कुठे कुठे अगदी मोजके दिवस. ती उलटली की खरी तक्रारही फेटाळली जाते. कागद पाठवण्याआधी फोरमनशी एकदा बोला. तोही बहुधा आपल्याच लोकलचा सभासद असतो, आणि कित्येकदा ते कलम त्याने वाचलेलंच नसतं.