तेलवाहू जहाजाच्या टाकीतला गंज कसा आवरावा

कच्छच्या आखातात वाडिनारला टँकरमधून उतरलेले परदेशी कच्चे तेल नळवाहिनीने बडोद्याजवळच्या कोयालीच्या कारखान्यापर्यंत येते. ते आणणारी टाकी आतून कशी झिजते, हे जहाजावर पहिली नोकरी धरणाऱ्या इथल्या मराठी मुलांनी मात्र आधीच समजून घ्यावे.

टाकीत उतरण्यापूर्वी ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आहे, ज्वालाग्राही व विषारी वायू उरलेले नाहीत, हे मोजून लेखी परवाना घ्यावा. पाहणी तळापासून करावी. कच्च्या तेलातले खारे पाणी तिथेच साचते आणि गाळाखाली ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू पत्र्यात खळगे पाडतात. म्हणून गाळ खरवडल्याशिवाय तळ चांगला आहे असे लिहू नये. वर, डेकच्या खालच्या अंगाला दिवसा तापलेला पत्रा रात्री थंड होऊन घाम धरतो, आणि त्या ओलाव्यात तेलातला हायड्रोजन सल्फाइड व आग लागू नये म्हणून टाकीत सोडलेल्या बॉयलरच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड मिसळून पापुद्र्यांचा गंज चढतो. सर्वांत वाईट स्थिती बॅलास्ट टाक्यांची, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरण्याच्या टाक्यांची, कारण तिथे समुद्राचे पाणी आणि हवा आलटून पालटून येतात. १९९९ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज दुभंगले, तेव्हाही संशयाचे बोट बॅलास्ट टाकीतल्या गंजलेल्या सांगाड्याकडेच गेले.

लेप देताना घाई केली तर पुढची वर्षे पस्तावण्यात जातात. आधी क्षार धुवावेत, मग ब्लास्टिंग (कणांचा जोरदार मारा) करून पोलाद एसए अडीच प्रतीपर्यंत, म्हणजे गंज व जुना रंग जवळजवळ पूर्ण निघेपर्यंत, उघडे करावे. धारदार कडेवर रंग पातळ बसतो, म्हणून कडा २ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल घासाव्यात आणि कडा व वेल्डवर ब्रशने स्वतंत्र हात द्यावा. आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा अधिक असेल, किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर नसेल, तर काम थांबवावे. श्रावणात बडोद्यात राहिलेल्याला हा नियम समजावावा लागत नाही. इपॉक्सी रंगाचा सुका थर एकूण ३२० मायक्रॉन हवा, आणि त्याची नव्वद टक्के मोजमापे तरी या आकड्याला पोचायला हवीत.

जस्ताचे ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, पाण्यात बुडालेले असतानाच उपयोगी पडतात, म्हणून ते तळाशी व बॅलास्ट टाकीत लावावेत; छताच्या गंजावर त्यांचा काहीही इलाज नाही. तेलाच्या टाकीत मॅग्नेशियमचे ॲनोड वर्ज्य आहेत, कारण ते सुटून गंजलेल्या पोलादावर आदळल्यास ठिणगी उडते. छतासाठी लेपाखेरीज टाकीतल्या निष्क्रिय वायूतला (म्हणजे आत सोडलेल्या त्या धुरातला) ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या वर जाऊ न देणे आणि धूर धुणाऱ्या स्क्रबरचे पाणी रोज तपासणे, एवढेच हाती असते.