बिटाच्या पट्ट्यांवर पेशीपटलाचे काम कसे पाहावे

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचे अतिपातळ आवरण; त्याची जाडी साधारण 7 ते 8 नॅनोमीटर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ते वेगळे दिसत नाही. कांद्याच्या पापुद्र्यात ज्या ठळक रेघा दिसतात त्या पेशीभित्तिकेच्या, म्हणजे पटलाबाहेरच्या जाड भिंतीच्या. त्यामुळे पटल डोळ्यांनी पाहायचा नाद सोडावा आणि ते काय अडवते हे तपासावे. त्यासाठी बीट फार सोयीचे. त्याचा लाल रंग पेशीच्या आत, रिक्तिका नावाच्या पाणीदार पिशवीत साठलेला असतो. बाहेर पडायचे तर त्याला रिक्तिकेचे आणि पेशीचे, अशी दोन पटले ओलांडावी लागतात.

एक कच्चे, टणक बीट सोलून बोटाएवढ्या लांबीच्या, 2-3 मिलिमीटर जाडीच्या सारख्या पट्ट्या कापा. चारपाच पट्ट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या पट्ट्या धुवा, आणि इथे अजिबात घाई नको. सुरीखाली चिरल्या गेलेल्या पेशींचा रंग पृष्ठभागावर सांडलेला असतो; तो राहिला तर पुढचे सगळे निष्कर्ष फसवे. पाणी बदलत राहा. पट्ट्या पाच मिनिटे स्वच्छ पाण्यात ठेवूनही पाणी जवळजवळ नितळ राहिले, की धुणे झाले.

आता तीन ग्लासांत सारख्याच मापाचे पाणी घेऊन धुतलेल्या पट्ट्या टाका: एकात साधे, दुसऱ्यात 40 अंश सेल्सिअसचे, तिसऱ्यात 70 अंशांचे. चौथ्यात साधे पाणी घेऊन फ्रीझरमधल्या पट्ट्या वरवर धुऊन टाका. वीस मिनिटांनी ग्लासांमागे पांढरा कागद धरून रंग पाहा. पहिल्या दोन ग्लासांत फारसे काही घडलेले नसते. 70 अंशांचे पाणी मात्र लालभडक होते, आणि गोठवलेल्या पट्ट्याही भरपूर रंग सोडतात.

कारण पटलाच्या रचनेत आहे. मेदरेणूंचे दोन थर, शेपट्या आत एकमेकींकडे, पाण्याशी जमणारी डोकी दोन्ही बाहेरच्या बाजूंना. 1925 मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद पाण्यावर एकाच थरात पसरवला, तर त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. दोन थरांची कल्पना तिथून आली. या थरांत प्रथिने रुतलेली असतात आणि मेद व प्रथिने दोन्ही बाजूबाजूला सरकत राहतात, हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडले. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा, विद्युतभारित. मधल्या तेलकट भागातून तो जाऊ शकत नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी मोडते, मेदाचे थर सैल होतात. गोठताना बर्फाचे स्फटिक पटल फाडतात.

एवढ्यावर थांबू नका, खरी गंमत पुढे आहे. 100 मिलिलिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर विरघळवा आणि धुतलेल्या ताज्या पट्ट्या त्यात अर्धा तास ठेवा. पट्टी एका टोकाला धरून पाहा: मघाशी ताठ उभी राहणारी ती आता लुळी पडते, पण पाकाला रंग जेमतेम चढलेला असतो. म्हणजे पाणी बाहेर गेले, रंग आतच राहिला. पटलातून पाण्याचे असे दाट द्रावणाकडे जाणे म्हणजेच परासरण, आणि पटल निवड करते याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. पाणी मेदातून थोडेफार झिरपते, पण भराभर जाते ते ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून. त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना 2003 चे नोबेल मिळाले.

व्हिनेगरात कवच विरघळवलेल्या अंड्याचा प्रयोग याच कामासाठी सुचवला जातो. परासरण त्यातही दिसते, पण तिथला पापुद्रा हे पेशीपटल नव्हे, ते प्रथिनांच्या तंतूंचे आवरण आहे. बीट बरे.

शेवटी लुळ्या पट्ट्या साध्या पाण्यात टाका. तासाभरात त्या बऱ्याच अंशी पुन्हा ताठ होतात. शेजारी 70 अंशांच्या ग्लासातली पट्टीही ठेवा. ती कितीही वेळ भिजवली तरी मऊच राहते, कारण आत आलेले पाणी दाबून धरायला पटलच शाबूत उरलेले नसते.