लहानपणीचं पुस्तक शोधताय? या चुका टाळा

‘नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, पण त्यात एक मुलगा घरातून पळून जातो.’ एवढ्या भांडवलावर पुस्तक विचारलं, तर जुन्या पुस्तकांचा विक्रेता नुसता हसतो. मराठी बालसाहित्यात घरातून पळालेली पोरं काय कमी आहेत! पुस्तक दुर्मिळ असेलही, पण बऱ्याचदा शोधच भलत्या टोकाकडून सुरू झालेला असतो.

ते पुस्तकच होतं हे गृहीत धरणं

सगळ्यात जास्त वेळ ही चूक खाते. पूर्वी अनेक घरांत मासिकांचे वर्षभराचे अंक बाइंडरकडून एकत्र बांधून घ्यायचे. पुठ्ठ्याचं ते जाडजूड बाड मुलांच्या लेखी पुस्तकच. विक्रम-वेताळ आणि पानापानावर चित्रं आठवत असतील, तर आधी ‘चांदोबा’ बघा. तो १९५२पासून मराठीत निघत होता, तोही मद्रासहून. ‘किशोर’ १९७१चा, बालभारतीचा. त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. दिवाळी अंक आधी चाळा, लांबलचक गोष्टी तिथेच सापडतात.

दुसरी शक्यता धड्याची. शाळेत वाचलेला धडा पुढे डोक्यात अख्ख्या पुस्तकाएवढा फुगतो. जुनं पाठ्यपुस्तक हाती लागलं, तर धड्याच्या आगेमागे लेखकाचा परिचय असतो. उतारा कुठल्या पुस्तकातून घेतला हे बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं, आणि नेमका तोच मजकूर आपण शाळेत कधी वाचलेला नसतो.

मूळ मराठीच असणार असं मानणं

गोष्टीत बर्फ, समोवार (चहाचं रशियन भांडं), लांब कोटातले आजोबा आहेत? मग मराठी बाललेखकांच्या याद्या धुंडाळू नका. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची पुस्तकं मराठीत येत, लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेकडे आणि गावोगावच्या प्रदर्शनांत अगदी स्वस्तात मिळत. १९९१मध्ये सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि तो ओघ थांबला. या पुस्तकांची एक मोठी सोय आहे: भाषा बदलली तरी चित्रं सहसा तीच असत. त्यामुळे मराठी प्रत दिसत नसेल, तर हिंदी, बंगाली किंवा इंग्रजी प्रतींची चित्रं बघत जा. चित्र ओळखलंत की मूळ लेखक कळतो आणि त्यावरून मराठी नाव काढता येतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेलाही हीच युक्ती लागू पडते. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारची बरीच पुस्तकं आहेत, तिथे एक चक्कर माराच.

साहसकथांचंही तसंच. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला, तसाच ज्यूल व्हर्नही मराठीत आणला. पाणबुडी किंवा चंद्रावरची स्वारी आठवत असेल, तर अनुवाद-रूपांतरांच्या बाजूने शोधा.

वाचल्याचं साल आणि छापल्याचं साल एकच धरणं

तुम्ही १९८५च्या सुट्टीत आजोळी वाचलेलं पुस्तक मामाच्या लहानपणचं असू शकतं. कागद पिवळा होता का, ‘कांहीं’, ‘नवें’ असे अनुस्वार होते का, हे आठवून बघा. १९६२च्या लेखननियमांनंतर ते हळूहळू गेले, म्हणजे पुस्तक बहुधा त्याआधीचं. अशा वेळी शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघडा. तिच्या दोन खंडांत १८०० ते १९५० या काळातल्या पुस्तकांच्या नोंदी आहेत. आणि हो, संगणकावर शोधताना नाव अनुस्वार देऊन आणि न देता, दोन्ही प्रकारे टाका.

फक्त देवनागरीत शोधणं

इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅन केलेली मराठी पुस्तकं खूप आहेत, पण अनेकांची नावं रोमन लिपीत आणि वाटेल तशा स्पेलिंगने नोंदवलेली. एकाच शब्दात कुठे एक ‘ए’, कुठे दोन. म्हणून नावातला एकच ठळक शब्द घ्या आणि तो चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा.

मुखपृष्ठावर भिस्त ठेवणं

वाचनालयातली फाटलेली प्रत पुन्हा बांधली जाते आणि मूळ मुखपृष्ठ तिथेच संपतं. नव्या आवृत्तीत चित्रकारही बदलतो. आतलं एखादं विचित्र चित्र, पुस्तकाचा आकार, ते उभं होतं की आडवं, या खुणा जास्त टिकाऊ.

चॅटबॉटचं ऐकून मोकळं होणं

तो नाव, लेखक, प्रकाशक सगळं छातीठोकपणे सांगतो. ते पुस्तक कुठल्याही ग्रंथालयाच्या सूचीत नसेल, तर ते अस्तित्वातच नाही असं समजा.

भावंडांना एकत्र बसवून विचारणं

एकाने ‘त्यात माकड होतं’ म्हटलं की पाच मिनिटांत सगळ्यांना माकड दिसायला लागतं. प्रत्येकाला वेगळा फोन करा. कथानकापेक्षा बाकीचं विचारा: पुस्तक कुणी आणलं, बक्षिसाचं होतं का, कितवीत होतो, चित्रं रंगीत की काळी-पांढरी. ग्रंथपालाला किंवा विक्रेत्यालाही हाच तपशील द्या.

एवढं करून प्रत सापडली, तरी पैसे लगेच पाठवू नका. आवृत्तीचं पान, अनुक्रमणिका आणि तुम्हाला पक्कं आठवणाऱ्या प्रसंगाचं पान, या तिन्हींचे फोटो आधी मागवा. संक्षिप्त आवृत्त्याही त्याच नावाने विकल्या जातात.