पायऱ्यांमधल्या अटी कशा लिहाव्यात

एखादे काम कसे करायचे याच्या सूचना देताना एकामागून एक येणाऱ्या पायऱ्या लिहिणे फारसे अवघड नसते; लिहिणाऱ्याचा कस लागतो तो वाटेला फाटा फुटतो, म्हणजे पुढची कृती एखाद्या अटीवर ठरते, तिथे. पहिले पथ्य असे, की अट आधी लिहावी आणि कृती नंतर. ‘राउटर बंद करून पुन्हा सुरू करा, दिवा लाल असल्यास’ असे लिहिले, तर वाचता वाचता काम करणारा माणूस अटीपर्यंत पोहोचण्याआधीच बटण दाबून मोकळा होतो. शिवाय अट डोळ्यांनी पडताळता येईल अशी असावी. ‘जोडणी नीट झाली असल्यास’ असे म्हटल्यावर ती नीट झाली की नाही हे त्याने कशावरून ओळखायचे?

खरी गफलत होते ती उरलेल्या शक्यतांच्या बाबतीत. ‘हिरवा दिवा लागल्यास पुढे जा’ एवढेच लिहून आपण थांबतो, पण दिवा लुकलुकत राहिला किंवा लागलाच नाही, तर वाचणारा तिथेच अडकतो. म्हणून ती पायरी अशी लिहावी:

४. इंटरनेटचा दिवा पाहा.
– स्थिर हिरवा असल्यास पायरी ७ कडे जा.
– लुकलुकत असल्यास २ मिनिटे थांबा. त्यानंतर स्थिर हिरवा झाल्यास पायरी ७ कडे, अन्यथा पायरी ५ कडे जा.
– इतर कोणत्याही स्थितीत पायरी ५ कडे जा.

येथे प्रत्येक फाट्याला पुढचा मुक्काम आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. पायरी ५ मध्ये केबल पुन्हा बसवून पायरी ४ कडे परतायचे असेल, तर ‘एकदाच परता; दुसऱ्यांदाही येथे आल्यास पायरी ६ करा’ असे बजावावे, नाहीतर तो बिचारा गोल गोल फिरत राहील.

‘५ मिनिटांपेक्षा कमी’ आणि ‘५ मिनिटांपेक्षा जास्त’ असे दोन फाटे असतील, तर बरोबर ५ मिनिटे कुठे बसतात तेही सांगावे. ‘बंद नसल्याशिवाय उघडू नका’ असली दुहेरी नकाराची वाक्ये सरळ काढून टाकावीत.

अटीच्या पोटात अट येऊ लागली, की कोष्टक करावे. होय-नाही स्वरूपाच्या ३ अटींच्या ८ जोडण्या होतात. त्या परिच्छेदात मावत नाहीत, कोष्टकात मात्र रिकामा राहिलेला रकाना लगेच नजरेत भरतो.

तपासताना केवळ सगळे सुरळीत जाणारी वाट चालून पाहू नये. प्रत्येक फाटा शेवटपर्यंत, शक्यतो दुसऱ्या कोणाकडून, करवून घ्यावा. मध्ये नवी पायरी घातल्यास ‘पायरी ७ कडे जा’ यासारखे सगळे उल्लेख शोधून त्यांचे क्रमांक त्याच वेळी बदलावेत.